वॉर्डसाहेबांचे भिंग

मित्रांनो, पितळी कडे आणि शिसवी मूठ असलेले एक जुने भिंग आहे मी. माझी काच अजून स्वच्छ आहे, फक्त कडेला एक ओरखडा आहे. माझे आयुष्य बहारीनमध्ये गेले, आणि त्यातली सगळ्यांत चांगली वर्षे एका आडनावाच्या मागे गेली.

माझा जन्म मुंबईतल्या एका चष्मेवाल्याच्या कारखान्यात झाला. तिथून बोटीने मी बहारीनच्या मनामा शहरातल्या बाजारात आले, ते हारून नावाच्या मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे. लाल कापडावर मोती ठेवून हारून माझ्यातून बघे तेव्हा श्वास रोखून धरी. मोती अस्सल निघाला की तो माझ्याच मुठीवर प्रेमाने थाप मारी. पुढे मोत्यांचा धंदा बसला. दुकानात घड्याळे आली, रेडिओ आले, आणि मी गल्ल्याखाली पडून राहिले. कित्येक वर्षे मला कुणी हात लावला नाही.

१९७५ च्या हिवाळ्यात एक उंच, खांदे वाकलेले गोरे गृहस्थ दुकानात आले. बंदरात बोटींची तपासणी करण्याचे त्यांचे काम होते. त्यांना चांगले भिंग हवे होते. हारूनने मला बाहीला पुसून त्यांच्यापुढे धरले.

"आता मोती कुठे उरलेत, साहेब? तुम्ही यातून काय बघणार?"

"माझं नाव," ते म्हणाले.

हारूनला वाटले, आपण चुकीचे ऐकले. तो हसला आणि त्याने मला कागदात गुंडाळून दिले.

ते वॉर्डसाहेब. जुफैरमध्ये त्यांचे छोटे घर होते. घरात दोन खुर्च्या होत्या, पण दुसरीवर कायम कागदांचा ढीग असे. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ग्रंथालयांतून ते जुन्या बखरींच्या नकला मागवत. कामावरून आले की ते मला हातात घेत आणि पुसट अक्षरांवरून ओळ-ओळ फिरवत. मला रोज त्यांचा एकच डोळा दिसे. मोठा, निळा, थकलेला. त्या घराचे दार कुणी वाजवत नसे. नाताळच्या दिवशीही ते रेडिओ लावून कागदांपाशीच बसत.

चार-पाच वर्षांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन झाले, पण घरी औषध घालायला कुणी नव्हते. तेव्हा हॉस्पिटलमधली ब्रिजिट लोपीस नावाची नर्स ड्यूटी संपवून घरी जाताना त्यांच्याकडे येऊ लागली. ती वसईची. पहिल्याच दिवशी ती हसत म्हणाली, "सर, तुमचं आडनाव खरंच वॉर्ड? आम्ही तर दिवसभर वॉर्डातच असतो!"

वॉर्डसाहेब हसले नाहीत. "मी लिव्हरपूलच्या अनाथाश्रमात वाढलो," ते म्हणाले. "इंग्रजीत दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या मुलालाही वॉर्डच म्हणतात. आयर्लंडहून आलेलं मूल, एवढंच आश्रमाच्या वहीत होतं. तिथली मुलं म्हणायची, तुला नाव नव्हतंच, म्हणून हे चिकटवलं. मला एवढंच बघायचंय, हे आडनाव कधी कुणाचं होतं का."

ब्रिजिटचा औषधाचा हात थांबला. "सॉरी, सर." मग तिने खुर्चीवरचे कागद खाली ठेवले आणि ती बसली. "तुमचे डोळे बरे होईपर्यंत मी वाचून दाखवू?"

"तुझं नाव मात्र आमच्याकडचं आहे," ते म्हणाले. "ब्रिजिट ही आयर्लंडची संत."

"माझं नाव वसईचं आहे, सर. आमच्या आत्याचं!" ती म्हणाली, आणि मी पहिल्यांदा वॉर्डसाहेबांना मोठ्याने हसताना ऐकले.

मग रोज संध्याकाळी मी ब्रिजिटच्या हातात असे. ती अडखळत वाचे, ते उच्चार सुधारत. एकदा एका पानावर ती थांबली. तिथे एक आयरिश आडनाव होते, मॅक अन वॉर्ड. अर्थ, कवीचा मुलगा. डोनेगल नावाच्या उत्तरेकडच्या मुलखात पाचशे वर्षांपूर्वी हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ओ'डॉनेल सरदारांसाठी कवने रचत होते. पुढे इंग्रजांचे राज्य आले, आणि कवीच्या मुलाचे इंग्रजीत नुसते वॉर्ड झाले.

"पुन्हा वाच," वॉर्डसाहेब म्हणाले.

तिने वाचले.

"पुन्हा."

मग त्यांनी नकाशा पसरायला लावला. ब्रिजिटने मला डोनेगलच्या किनाऱ्यावरून हळूहळू सरकवले आणि एका गावावर थांबवले. लेटरमॅकअवॉर्ड. मॅकअवॉर्डांचा डोंगरउतार.

"पण सर," ती चाचरत म्हणाली, "तुम्ही यांच्यातलेच, हे कशावरून?"

वॉर्डसाहेबांनी नकाशाची घडी घातली. "त्याला पुरावा नाही. मिळणारही नाही."

तेवढ्यात ब्रिजिटचा नवरा युस्टेस तिला न्यायला आला. दारातच तिने त्याला विचारले, "युस्टेस, पोर्तुगीज यायच्या आधी आपलं आडनाव काय होतं?"

"लोपीस. त्याच्या आधीचं मफी, काहीच नाही," तो हसून म्हणाला. "यल्ला, चल, जेवण थंड होतंय."

ब्रिजिट मात्र हसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वॉर्डसाहेबांनी लीव्ह घेतली आणि मला कोटाच्या खिशात घालून ते त्या गावाला गेले. दगडी कुंपणे, ओले गवत आणि समोर करडा समुद्र. त्यांना तिथे कोण ओळखणार? दफनभूमीत ते गुडघ्यांवर बसून मला झिजलेल्या दगडांवर धरत, पण हाती काही लागले नाही. निघायच्या दिवशी ते पाव घ्यायला एका दुकानात शिरले. दुकानदार बाईंनी सहज नाव विचारले.

"वॉर्ड."

"कुठले वॉर्ड? टेकडीवरचे की पुलापलीकडचे?"

खिशात त्यांच्या हाताने माझी मूठ घट्ट धरली. आजवर त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"टेकडीवरचे," ते म्हणाले.

"वाटलंच," बाई म्हणाल्या. "तुमच्या उंचीवरून."

बाहेर येऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते खोटे बोलले की खरे, मला ठाऊक नाही. त्यांचा प्रत्येक कागद मी वाचला होता, तरीही नाही.

परत आल्यावर त्यांनी हे ब्रिजिटला सांगितले. तिने डोळे पुसले. "बरं केलंत, सर."

१९८४ मध्ये वॉर्डसाहेब गेले. त्यांच्या दफनाला चारच माणसे होती. थडग्याच्या दगडावर ब्रिजिटने दोन ओळी कोरून घेतल्या. वर वॉर्ड, आणि खाली आयरिश लिपीत मॅक अन वॉर्ड.

"यातलं खरं कुठलं?" दगड कोरणाऱ्याने विचारले.

"दोन्ही," ती म्हणाली आणि एकेक अक्षर माझ्यातून तपासून घेतले. ते माझे शेवटचे काम.

आता मी सनाबिसमध्ये, ब्रिजिटच्या घरी एका खणात असते. ती कधीतरी मला काढते, पुसते आणि काही न बघताच परत ठेवते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने भिंग असेल तर त्याला मऊ कापडात ठेवा. पण त्याहून मोठी विनंती दुसरीच आहे. तुमच्या शेजारी कुणी एकटे राहत असेल, तर त्याच्याकडे जा, दुसऱ्या खुर्चीवर बसा आणि तो कुठला, कुणाचा, ते विचारा. मी त्या घरात वर्षानुवर्षे होते. बारीक अक्षर मोठे करून दाखवणे एवढेच मला जमते. दार वाजवणे मला येत नाही.