तेरोयदादांची कवळी आणि माझ्या पोटातले पेसो

मित्रांनो, जन्माने बिस्किटांचा आणि कर्माने पैशांचा असा मी एक म्हातारा पत्र्याचा डबा आहे. झाकणाला पोचा आहे, तळाला गंज आहे. पण अजून घट्ट बसतो. मनिलाच्या कारखान्यात मला गोल करून वर गुलाब छापले, तेव्हा आपला जन्म गोड खाण्यासाठीच आहे असं वाटलं होतं. बिस्किटं आठवड्यात संपली. पुढे वीस वर्षं सुया-दोरे सांभाळले. मग बतांगासच्या किनाऱ्यावरच्या तेरोय दिमायुगा यांनी मला पोकरची तिजोरी केलं.

तेरोयदादा हे बोटींच्या इंजिनांचे निवृत्त मिस्त्री. गुड फ्रायडेच्या आठवड्यात आमच्याकडे येशूच्या यातनांची कहाणी गातात. त्यात तीस वर्षं पहिला आवाज त्यांचा. गेल्या वर्षी वरचे दात गेले आणि शब्दांऐवजी वारा निघू लागला. मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. नवी कवळी साडेचार हजार पेसोंची. माझ्या पोटात होते दोन हजार.

दादांनी खिळ्याने माझ्या झाकणाच्या आत नियम कोरले. रोज दोनशेच काढायचे. गेले की उठायचं. वाईट पानं फेकायची. वाईट पानांवर मोठे पैसे लावून थाप मारायची नाही, कारण इथं सगळेच पैसे टाकून बघतात. खिळा टोचला खरा, पण अंगावर पहिल्यांदाच काही शहाणपणाचं लिहिलं जात होतं.

तेवढ्यात शेजारचा न्हावी सिस्तो वारला. खलाशी मुलगा परतेपर्यंत नऊ दिवस शवपेटी घरात राहिली, आणि पेटी घरात तोवर दारापुढच्या मांडवात पत्ते. मयताला एकटं ठेवत नाहीत. प्रत्येक डावातले शंभराला दहा वाटीत पडतात. ती वाटी विधवेची, म्हणजे पुरिताबाईंची.

दादा मला पायाशी ठेवून बसत. दोनशे काढले की झाकण बंद. समोर मासळीवाली सेपा आणि तीनचाकी चालवणारा मेल्चोर. दोघंही काहीही हातात आलं तरी पैसे टाकत.

"सेपाबाई, सत्ती-दुर्रीवर साठ पेसो? पानं बघता तरी का?"

"बघते ना. छान रंगीत असतात."

"काका, तुम्ही खेळता की आमच्यावर पहारा ठेवता?" मेल्चोर म्हणायचा. "अर्ध्या तासात एक पेसो टाकला नाहीत."

दादा ओठ मिटून हसत. दोन दिवस दोनशे गेले. दोन्ही दिवस ते निमूट उठले. बाकीचे दिवस भरून आले. नवव्या सकाळी माझ्यात चार हजार तीनशे होते. कवळीला आता दोनशेच कमी होते.

त्या सकाळी पुरिताबाई वाटी उचलून आत गेल्या आणि सेपा हळूच म्हणाली, "उद्या पेटी नेणाऱ्या गाडीला अजून सहाशे कमी आहेत."

"नऊ दिवसांत वाटी भरली नाही?"

"कशी भरेल, दादा? आम्ही टाकतो, तुम्ही पानं फेकता. डाव जागेवर मरतो."

"तुम्हाला खेळता येत नाही, त्याला मी..."

"वीस वर्षं मासळी विकतेय मी. सत्तीपेक्षा राजा मोठा, एवढं कळतं मला."

"मग पाकिटात घालून द्यावेत."

"पाकीट एकदाच घेते ती. दुसरं दिलं तर भीक म्हणून परत करते. वाटीतले तिच्या लेखी सिस्तोनं कमावलेले."

 दादांचा हात माझ्याकडे आला. मित्रांनो, मी झाकण जमेल तेवढं आवळून धरलं. आयुष्यभर त्याचंच कौतुक झालं होतं. पण ते उघडलं.

दादा प्रत्येक डाव खेळले. पंजी-तिर्रीवर शंभर टाकले. दोन डाव चुकून जिंकले, ते पैसे सगळे पुढच्या डावात सारले. दुपारी सेपाने वाटी मोजली आणि मान हलवली. गाडी ठरली. माझ्यात उरले दोनशे साठ. वाटीत गेले ते गेले. बाकीच्या पैशांतले बरेच मेल्चोरच्या खिशात गेले आणि त्याने मागच्या चाकाला नवं टायर घातलं. ते मला अजून पचलेलं नाही.

दफन झाल्यावर पुरिताबाई दादांपाशी आल्या.

"तेरोयदादा, राग मानू नका, पण काल फार वाईट खेळलात हो. सिस्तो पेटीत हसला असेल."

दादांनी ओठ घट्ट मिटून मान डोलावली.

यंदा गुड फ्रायडेच्या आठवड्यात ते गायले नाहीत. गाणाऱ्यांसाठी पुस्तकाची पानं उलटत बसले. घरी आले की मला उघडतात, आणि मोजायला काही वेळ लागत नाही. त्यांनी बरोबर केलं का, हे मला ठरवता येत नाही. मी डबा आहे. रिकामं होणं मला आवडत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरातले डबे कोरडे ठेवा. थोडक्या पैशाला नियम लावा आणि तो सहसा मोडू नका. माझ्या झाकणावरचं एकही अक्षर खोटं नाही. फक्त समोरचा वाईट खेळतोय म्हणून मनात हसण्याआधी, तो कोणासाठी हरतोय ते विचारा.