दाढीचा ब्रश काळ्या रंगात

मी एक दाढीचा ब्रश. माणसं प्रेमाने उचलतात तेव्हा मला आधी धास्तीच वाटते.

माझी मूठ लाकडी, केस राठ. नकाशे आखण्याचं काम करणाऱ्या बाबांनी मला दुकानातून पारखून आणलं. रोज सकाळी त्यांच्या गालावर फेस करायचा, एवढाच माझा संसार. पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मुलगी मशीनने त्यांची दाढी करू लागली आणि मी आरशामागे पडलो. चारचौघांत बाबा चहाचा कपही उचलेनात.

एके दिवशी मुलीने मला हळूच पिशवीत टाकलं. ओळखलं मी, निघालो कचऱ्यात! पण पोचलो तिच्या चित्रकार मैत्रिणीच्या कार्यशाळेत. टेबलावर फुटका कंगवा, घासणी, रिकामी रिळं. इथे कुंचले बंद. घरातल्या वस्तूंनीच कागदावर खुणा उमटवायच्या. भंगाराला एवढा मान? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुलीने बाबांनाही सोबत आणलं होतं. त्यांनाही तोच संशय. "तुम्ही दोघींनी आधीच ठरवलंय ना हे?"

"हो, ठरवलंय. सरळ विचारलं असतं तर आला असतात?" मुलगी म्हणाली.

"म्हातारपणी बालवाडीत बसवलंस की गं मला!"

तरी त्यांनी मला काळ्या रंगात बुडवलं. आणि जुन्या सवयीने आधी काय केलं, तर कागदाला चौकट आखायला घेतली! रेघ सापासारखी वळली. शेजारचे बघू लागले. बाबा चिडले, मला उभा धरून कागदावर दणादण आपटत सुटले. माझे केस विस्कटले. कागदभर काळी झुडपं उगवली.

चित्रकार बाई आल्या. आता खोटं खोटं 'वा, छान!' म्हणणार, अशी माझी खात्री. पण त्यांनी विचारलं, "दुसरा कागद देऊ?"

"का? हा वाया गेला म्हणून?"

"नाही. यावर जागा उरली नाही म्हणून."

बाबांनी भरलेला कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मोठा द्या."

निघताना मुलगी मला धुवायला पुढे झाली. "राहू दे. माझा ब्रश आहे, मी धुतो." आणि सगळ्यांदेखत, थरथरत्या हाताने, त्यांनी मला नळाखाली धरलं. पाणी शर्टभर उडालं.

आता गालाच्या कामाचा मी उरलो नाही; बाबांबरोबर कार्यशाळेत जातो. बाईंनी कुणाचं कौतुक केलं की अजून शंका येतेच. स्वभावाला औषध नाही. एकच विनवणी आहे. बाबांच्या हातून रंग सांडला, तर फडकं घेऊन धावू नका. ते पुसतील. वेळ लागेल, लागू दे.