हरायला आलेल्या दोन गाड्या

लग्नासाठी मुलं बघायला लागल्यापासून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते. "माझ्याकडे रिमोटवर चालणारी, दगड चढणारी छोटी गाडी आहे. तिच्या मागच्या एक्सलमध्ये जलद गिअर टाकले तर ती चढ जास्त चांगला चढेल ना?" आतापर्यंत चौघांनी "अर्थातच!" म्हटलं. त्यातला एक तर मेकॅनिकल इंजिनिअर होता. चौघांनाही मी त्याच दिवशी कटवलं.

कारण हे साफ चूक आहे. जलद गिअर टाकायचे ते पुढच्या एक्सलमध्ये. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरली की गाडी स्वतःला दगडावर ओढून घेते. मागची जास्त फिरली तर ती नुसती ढकलत बसतात, गाडीचं नाक उचललं जातं आणि गाडी उताणी पडते. एवढं साधं आहे. पण समोर लग्नाची मुलगी दिसली की शहाण्या मुलांच्याही माना आपोआप हलायला लागतात.

साताऱ्याचा निमिष पाचवा. फोनवर त्यालाही तेच विचारलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?" तो म्हणाला, "उताणी पडेल." मग मी पुढे तेहेतीस टक्के जलद गिअर टाकलेत हे ऐकून म्हणाला, "हेही चूकच. सपाटीवर पुढची चाकं घासत जातील. पंधरा टक्के पुरे." आम्ही कडाकडा भांडलो. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते आणि मी भयंकर खूश होते. मला नवरा हवा होता तो असाच, तोंडावर चूक म्हणणारा. आमच्या घरात बाबांना कुणी चूक म्हणत नाही आणि त्याची फळं आई रोज भोगते.

आमचे बाबा, म्हणजे विष्णुपंत, निवृत्त झाल्यावर बाग लावतील अशी आईची भाबडी आशा होती. त्यांनी या गाड्या जमवल्या आणि मलाही नादी लावलं. त्यामुळे मुलगा बघायचा कार्यक्रम सांगलीतल्या दिवाणखान्यात न होता दंडोबाच्या डोंगरावर ठरला. बाबांची गाडी, निमिषची गाडी आणि एक तिरका कातळ. आधी वर पोचेल तो जिंकला. मी मात्र संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. मनातल्या मनात माझं हो झालेलं होतं, फक्त माणूस एकदा समोर बघायचा होता.

निमिष एकटाच आला. आईने, म्हणजे चारुशीलाबाईंनी, सतरंजी अंथरून भडंगाचा डबा उघडला. शेजारच्या झुडपांत शेरडं सोडून तानुबाई नावाच्या एक आजी आमच्याकडे बघत बसल्या. त्या तिथे रोज येतात आणि कुणी विचारो न विचारो, मत देतात.

गाड्या सुटल्या. हातभर चढल्यावर निमिषच्या गाडीचं नाक उचललं आणि ती उताणी पडली. मला वाटलं, दगड सुटला असेल. तेवढ्यात बाबांचीही पडली. दोघांनी सरळ करून पुन्हा लावल्या. दोन्ही पुन्हा पडल्या, त्याच जागी, तशाच.

"आवं," तानुबाई म्हणाल्या, "ह्यापरीस माजं आंधळं करडू बरं चढंल की!"

"तरी गाडी तुमचीच सरस आहे, काका," निमिष गोड आवाजात म्हणाला.

"छे छे, तुमचा हात चांगला आहे," बाबा त्याहून गोड आवाजात म्हणाले.

हा गोडवा ऐकून माझं डोकं सटकलं. मी निमिषच्या हातातला रिमोट ओढून घेतला, त्याची गाडी कातळाकडे पाठ करून ठेवली आणि रिव्हर्स टाकला. गाडी पाठमोरी सरसर वर गेली. मग बाबांचा रिमोट घेतला. तीसुद्धा पाठमोरी वर गेली, न अडखळता.

याचा अर्थ एकच होता. दोघांनीही जलद गिअर मुद्दाम मागे टाकले होते.

"जावई पहिल्यांदा दारी येतोय," बाबा पुटपुटले. "त्याला हरवून परत पाठवायचं का?"

"आणि मी वडीलधाऱ्यांना त्यांच्याच डोंगरावर हरवू?" निमिष म्हणाला.

"मूर्ख आहेस तू!" मी ओरडले. "फोनवर मला चूक म्हणणारा माणूस बघायला मी आले होते. हा असला मान द्यायला ते चौघे होतेच की!" मला खरंच रडू यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मी जास्त ओरडते. "आत्ताच्या आत्ता एक्सल उघडा. दोघांनीही!"

भावी सासरे आणि भावी जावई सतरंजीवर मांडी घालून, माना खाली घालून गिअर बदलत बसले. भडंगाचे दाणे ग्रीसमध्ये पडले. कुणी एकमेकांकडे बघितलं नाही. आई मात्र मजेत खात होती.

दुसऱ्या वेळी निमिषची गाडी शांतपणे, एकेक चाक टेकवत वर पोचली. बाबांची निम्म्यावर घरंगळली.

"टायर गुळगुळीत झालेत माझे," बाबा म्हणाले.

घरात असं वाक्य आलं की "हो ना, टायरच तसले" असं म्हणायची पद्धत आहे. मी निमिषकडे बघत राहिले.

"नाही काका. टायर उत्तम आहेत. तुम्ही थ्रॉटल घाईने देता."

आईचा घास हातातच राहिला. बाबा आधी कानांपाशी लाल झाले, मग चेहराभर.

"पावनं लय खरं बोलतंय," तानुबाई म्हणाल्या. "ह्या घरात कसं टिकायचं रं तुजं?"

"हो," मी निमिषला म्हटलं.

"थ्रॉटलबद्दल ना?"

"लग्नाबद्दल."

त्याच्या हातातला रिमोट सुटून दगडावर आपटला.

हे ऐकायला बाबा तिथे नव्हतेच; आपली गाडी काखेत मारून ते केव्हाच तरातरा डोंगर उतरायला लागले होते. आम्ही खाली मोटारीपाशी पोचल्यावर ते आईला म्हणाले, "या मुलाला नाही म्हणून कळवा."

"मी हो म्हणून सांगून टाकलंय," मी म्हटलं.

"कधी?"

"तुम्ही लाल झालात तेव्हा."

बाबांनी डिकीचं झाकण उघडलं. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आईने नजर हटवली नाही.

"घाईने देतो का गं मी थ्रॉटल?" त्यांनी तिला विचारलं.

"थ्रॉटलचं मला कळत नाही," आई म्हणाली. "पण बाकी सगळं घाईनेच करता."

बाबांनी गाडी डिकीत ठेवली, झाकण नेहमीसारखं न आपटता हळूच लावलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी बोलवा त्याला परत."