टेकडीवरून खाली

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. गिरणीनं नवऱ्याला कामावर परत घेतलं नाही, नायगावच्या चाळीतली खोली दिराच्या वाढत्या संसाराला पुरेना, आणि बकुळा त्याच्याबरोबर शिवडीच्या टेकडीवर पत्र्याच्या घरात राहायला आली. मागे मातीची दरड, पुढे उतार. पावसाळा लागला की म्युनिसिपाल्टीचा माणूस भिंतीवर धोक्याची पाटी रंगवून जायचा. वस्ती त्याच भिंतीवर गोधड्या वाळत घालायची.

तिचा नवरा दत्ताराम मात्र सारखा दरडीकडे बघत असायचा. पावसानं जोर धरला की खालच्या बुद्धविहाराची किल्ली आणून ठेवायचा आणि दारोदार सांगत फिरायचा, "आज खाली जाऊ या." लोक एकदोनदा गेले. काही झालं नाही. मग हसायला लागले.

त्या सकाळी दरडीतून झिरपणारं पाणी लाल, गढूळ झालं. घराचं दार चौकटीत अडकायला लागलं. दत्ताराम पुन्हा दारोदार सांगायला निघाला. शेजारच्या गंगुबाईंनी त्याला आपल्या उंबऱ्यावरच अडवलं. त्यांचा मुलगा लवू गिरणीत त्याच्याच खात्यात होता.

"संपातपण तूच सांगायचास, थोडं थांबा, आपण जिंकणार. माझा लवू थांबला. आता हमाली करतोय. तुझं ऐकून एकदा बसलोय आम्ही. पुरे झालं."

दत्ताराम मान खाली घालून पावसात उभा राहिला. बकुळाला त्याचा राग आला, गंगुबाईंचाही आला, आणि मग राग धरायचंही त्राण उरलं नाही. ती सरळ आत शिरली, गंगुबाईंचा स्टोव्ह विझवला आणि डाळीचं पातेलं फडक्यात धरून उचललं.

"मावशी, यांचं नका ऐकू. जेवायला तेवढं खाली या. डाळ तिकडेच शिजवते."

"अगं ए, ठेव ते!" करत गंगुबाई मागोमाग आल्या. त्यांच्यामागे सून, नातवंडं, आणि एकेक करत वरची सगळी ओळ.

दुपारी दरड आली. फार आवाज झाला नाही, यार्डात मालगाडी थांबताना होतो तेवढाच. वरची ओळ मातीखाली गेली, बकुळाचं घरही. माणूस एकही गेला नाही.

गंगुबाई विहाराच्या पायरीवर बसून रडल्या. जेवताना त्यांनी दत्तारामच्या ताटात भात जास्त वाढला.

पाऊस उघडल्यावर पुरुष फावडी घेऊन वर गेले. दुसरी जागा कुणी दिली नव्हती. दत्तारामनं पत्रे ओढून काढले, ठोकून सरळ केले.

"दरडीपासून थोडं अलीकडे बांधू," तो म्हणाला.

"किती अलीकडे?" बकुळानं विचारलं.

अलीकडे लगेच दुसऱ्याचं घर होतं. बकुळानं पदर खोचला आणि वाशाचं दुसरं टोक धरलं.