अनघाताईचं कार्ड

“आज तुज्या हातचा चहा प्यावासा वाटतोय बघ, अनघे,” सरूबाई टीव्हीकडे बघत म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी धाकटी सून पायल चहाचा कप घेऊन उभी होती.

पुण्याला राहणारी थोरली सून टीव्हीवर हसली. “या ना आई इकडे. रोज करून देते.”

पायलने कप स्टुलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. पण सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो राग फुकट गेला.

वलवणच्या या घरात ही सगळी सोय पायलनेच केली होती. सरूबाईंचा हात थरथरायचा, मोबाइल कानाला लावला तरी काही कळायचं नाही. लग्नाआधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या पायलने एका हॉटेलने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणला, त्याचा घरगुती सर्व्हर केला आणि त्याला टीव्ही आणि कॅमेरा जोडला. अनघाने पुण्याहून कॉल लावला की ती आपोआप मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात हजर व्हायची. रोज संध्याकाळी व्हायची. त्याआधी सरूबाईंना वेणी घालून हवी असायची, ठेवणीतलं लुगडं हवं असायचं. वेणी पायल घालायची. गुडघ्यांना तेलही तीच चोळायची. आणि कौतुक कोणाचं, तर पडद्यातल्या बाईचं! पायलचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात अनघा स्वभावाने चांगली, कधी उणंदुणं बोलणार नाही. याचा तर तिला जास्तच राग यायचा.

चहाच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी ती सर्व्हरसमोर बसली. फायरवॉल म्हणजे सर्व्हरच्या दारावरचा राखणदार. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, हे त्याला एकदा सांगून ठेवलं की झालं. पायलने अनघाच्या घरचा इंटरनेटचा पत्ता टाकला आणि तिची वाट बंद केली. एका ओळीचं तर काम. उठताना तिला इतकं बरं वाटलं की ती गुणगुणतच तांदूळ निवडायला बसली.

संध्याकाळी टीव्ही काळाच राहिला.

तिचा नवरा गौरव एका हॉटेलात वायरमन होता. भुशी धरणावर निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांमधून वाट काढत तो घरी आला, तेव्हा पायलने सांगून टाकलं, “इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्ड गेलंय.”

गौरवने सर्व्हरच्या मागे वाकून पाहिलं. “अगं, कार्डचा दिवा तर लुकलुकतोय.”

“दिवा लागला म्हणजे कार्ड चांगलं, असं नसतं.”

हे मात्र खरं होतं, म्हणून तिला ते न अडखळता म्हणता आलं.

तेवढ्यात अनघाचा मोबाइलवर फोन आला. “पायल, केबल बदलून बघितलीस का? आमच्या ऑफिसातला एकजण म्हणतो, फायरवॉल एकदा बंद करून बघा.”

पायलने तिला पुढे बोलूच दिलं नाही. “सगळं बघितलं ताई. कार्डच गेलंय.”

“मग मी नवं पाठवते. तू एकटी किती बघशील?”

फोन ठेवून पायल सासूबाईंजवळ येऊन बसली. याच वेळेसाठी तर तिने सगळं केलं होतं.

“आई, मी आहे ना. माझ्याशी बोला.”

“तुज्याशी काय बोलू? तू हायसच की हितं,” सरूबाई म्हणाल्या, आणि काळ्या टीव्हीकडे तोंड करून बसून राहिल्या.

पुढे त्या वेणीलाही नको म्हणू लागल्या. ताटात भाकरी तशीच राहू लागली. एका संध्याकाळी त्यांनी पायलचा हात धरला. पायलला वाटलं, आता आपल्याविषयी काहीतरी बोलणार.

“अनघा रागावली का गं माज्यावर? लांब ऱ्हाती बिचारी, आन मी चहा मागत बसले. लागलं आसंल तिला. खरं सांग.”

“नाही हो आई. कार्ड आलं की...”

“कार्डबिर्ड काय न्हाई. नकोशी झाले मी तिला.”

अनघाबद्दलचा मत्सर काही कमी झाला नव्हता, पण सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी पायलला बघवेना. आत्ताच्या आत्ता वाट मोकळी करायची, असं ठरवून ती उठली, तर गौरव आत येत होता. पुण्याहून आलेलं खोकं त्याच्या हातात होतं.

तो लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला. पायलने जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. सर्व्हर सुरू झाला आणि गौरव खाली पडलेला स्क्रू शोधत असताना तिने ती एक ओळ पुसून टाकली. थोड्या वेळाने टीव्ही उजळला.

“आलीस गं माजी बाय!” सरूबाईंनी दोन्ही हात पडद्याकडे केले. “तू कार्ड धाडलंस म्हणून झालं बघ. हितं कुणालाच जमंना.”

“पण बसवलं पायलने ना, आई?”

“व्हय, तिनं बसवलं.” सरूबाई पायलकडे वळल्या. “त्ये बिघडलेलं कुटंय गं? भंगारात टाकून दे. घरात नगं ठिवू.”

“टाकते, आई.”

भंगाराचं पोतं मागच्या दारी होतं. पायलने ओढणीच्या टोकाने कार्डवरची धूळ पुसली, उजेडात धरून ते दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि मग पोत्यात टाकलं.