थांबा वो, काटा रुतला

"थांबा वो, काटा रुतला!"

मागून आवाज आला तसे उकंडराव थांबले. कपाळावर आठ्या आणल्या. आत छातीचा भाता फाटायला आला होता, त्याला तेवढंच बरं वाटलं.

"पाह्य... तुह्यापायी पुन्हा थांबा लागलं." एवढं बोलायलाही त्यांना श्वासाचे दोन हप्ते लागले.

झुंबरबाई दगडावर बसली आणि तळपाय मांडीवर घेऊन निवांत काटा शोधू लागली.

उकंडरावांचा जन्म जिनिंगमध्ये गेला. कापूस उडायचा, थोडा गाठीत बसायचा, थोडा त्यांच्या छातीत. आता धामणगाव बढ्याच्या रस्त्यावर पहाटेचं धुकं उतरलं की त्यांना वाटायचं, जिनिंग अजून चालूच आहे, फक्त आवाज तेवढा बंद केलाय कोणीतरी.

मोताळ्याचा डॉक्टर म्हणाला होता, "बाबा, औषध घ्याच, पण रोज चाला. दम लागला की थांबा, मग पुन्हा चाला."

चालणं त्यांना मंजूर होतं. थांबणं नव्हतं. लग्न झाल्यापासून ते पुढे आणि झुंबरबाई मागे. पुढचा गडी रस्त्यात उभा राहून धापा टाकतोय, हे गावानं पाहिलं तर?

गाव तर पाहतंच. पहिल्या दिवशी एकटेच निघाले, तेव्हा किसनरावानं फटफटी थांबवली.

"कुठी चालले, दादा?"

"कुठीच नाही."

किसनराव चरकला. पहाटे कुठेच न जाणाऱ्या माणसाच्या हातात एकतर टमरेल असतं, नाहीतर घरी भांडण झालेलं असतं. दादांचा हात रिकामा होता.

पुढे पुंजाजीचा बकऱ्यांचा टेम्पो आला. म्हातारा माणूस पायी आणि आपण गाडीत, हे पुंजाजीला कसं बघवावं?

"बसा, दादा! कुठी सोडू?"

"मले... मल..." उकंडरावांना म्हणायचं होतं, मले चालू दे. दम पुरला नाही.

"मलकापूरले? चाला न मंग!"

बकऱ्यांमध्ये बसून उकंडराव मलकापूरला पोचले. धुक्यातून, कान चाटून घेत, एखाद्या स्वप्नातल्या वरातीसारखे. दुपारच्या एसटीनं परतले तोवर झुंबरबाईची समजूत घालायला बाया जमल्या होत्या. "रुसले असतीन वो. येतीन."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई म्हणाली, "मी बी येतो तुमच्यासंगं." आणि तेव्हापासूनच तिच्या पायाला काटे लागले. नाल्याच्या पुलापाशी एक, चढावर एक. उकंडराव रोज वैतागायचे आणि रोज थोडं पुढे जायचे.

दिवाळीला पुण्याहून दीपक आला. आईबापाला पांढरेशुभ्र बूट आणले, बोटभर जाड तळव्यांचे.

"आता काटा रुतूच शकत नाही, आई."

"हे बूट व्हय का गाद्या, बापा?" झुंबरबाई हसली. उकंडराव हसले नाहीत.

दुसऱ्या पहाटे चढ लागला. छातीत सरकी खडखडू लागली. मागून फक्त बुटांचा मऊ आवाज. आज काटा नाही. आज आपल्यालाच थांबावं लागणार. आणि समोरून, धुक्यात पिवळा डाग पाडत, किसनरावाची फटफटी येत होती.

"थांबा वो! काटा रुतला!"

उकंडराव वळले. झुंबरबाई दगडावर बसली होती. बुटासकट पाय मांडीवर घेऊन त्या जाड रबरात बोटानं काटा शोधत होती. वर बघत नव्हती.

किसनराव थांबला. "काय झालं, दादा?"

उकंडरावांनी श्वास जमू दिला. "काई नाही बे. तुह्या वैनीले काटा रुतला."

"बुटात?"

"हाव, बुटात! तुले काय करा लागते? जाय आपल्या कामाले!"

फटफटी धुक्यात विरली. उकंडराव तिच्याशेजारी टेकले.

"निंघाला काय?"

"निंघाला."

"मंग तू हो पुढं."

"मी? अन् पुन्हा रुतला तं?"

"मी हाय न मांगं. मी पाहीन."

ती उठली, पदर सारखा केला आणि पुढे चालू लागली. धुक्यानं आधी तिचं डोकं नेलं, मग लुगडं. दोन पांढरे तळवे तेवढे वरखाली होत राहिले. चढाच्या मध्यावर ते थांबले, आणि उकंडरावांचा दम परत येईपर्यंत हलले नाहीत.