दर वीस मिनिटांनी

मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी प्रसूतीचा वॉर्ड दुप्पट झाला. मी ड्रेसिंगच्या पट्ट्यांचा ड्रम घेऊन दारातच उभी होते, त्यामुळे मला सगळं नीट दिसलं. प्रत्येक पलंगाला आधी मधोमध खाच पडली, कमरेत दाबल्यासारखी. मग पलंग ताणला गेला, आणि एकाचे दोन झाले. नव्या पलंगावर गादी होती, चादर होती, लाल कांबळं होतं. बाई नव्हती. बायका आपापल्या जुन्या पलंगांवरच होत्या. मधली जमीनही तितकीच वाढली. बारा पलंगांचा साठ फुटी वॉर्ड होता, तो चोवीस पलंगांचा आणि एकशेवीस फुटांचा झाला.

माझी धाकटी बहीण त्रिशला खिडकीजवळच्या शेवटच्या पलंगावर होती. तिला मुलगी होऊन तीन दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगात एकशेचार ताप होता. बाळ शेजारच्या पाळण्यात होतं. ताप उतरेपर्यंत आईने बाळाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी तिच्यापर्यंत चालत गेले. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

"अक्का," ती म्हणाली, "दार लांब गेलं."

"पाहिलं मी."

"पाळणापण सरकलाय. आधी हात पोचायचा."

मी पाळणा तिच्याजवळ ओढला आणि तिच्या कपाळावर ओली घडी ठेवली. आठ चाळीसला पुन्हा तेच झालं. पाळणा पुन्हा लांब गेला. आता अठ्ठेचाळीस पलंग होते. परत येताना मला गंगव्वा मावशी भेटल्या. त्या वॉर्ड पुसायच्या. बादली शेजारी ठेवून त्या लांबवर बघत होत्या.

"मला वाटलंच ताई," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं फडकं पुरंना."

मी निर्जंतुकीकरणाच्या खोलीत काम करते. दिवसभर कात्र्या, चिमटे, कापूस, कपडे ऑटोक्लेव्हमध्ये भरायचे, पंधरा पौंड दाबाची वाफ वीस मिनिटं धरायची आणि बाहेर काढायचे. आम्ही जैन. घरी पाणी गाळून आणि उकळूनच प्यायचं. मी या कामाला लागले तेव्हा वडील रोज संध्याकाळी विचारत, आज किती जीव? मी सांगायची, मोजले नाहीत. या कामामुळे वीस मिनिटं हा आकडा माझ्या ओळखीचा होता. चांगली ऊब, ओल आणि खाणं मिळालं की जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. वॉर्डाला हे तिन्ही कुठूनतरी मिळत होतं.

नऊला मी डॉक्टर रेठरेकरांच्या केबिनमध्ये गेले. ते सव्वीस वर्षं हा विभाग सांभाळत होते. सकाळी ते आधी पुवाच्या जखमांचं ड्रेसिंग करत आणि तिथून थेट बाळंतिणींना तपासायला येत. मध्ये नळ नव्हता. नळ जिन्याखाली होता आणि जिना लांब पडतो, असं ते म्हणत.

"वॉर्ड वाढतोय सर," मी सांगितलं.

"साठ फुटांचा आहे."

"आता चारशेऐंशी झाला."

त्यांनी कागदावरून डोळे वर केले. त्यांची केबिन लहान झाली होती. वॉर्डाला लागणारी जागा आमच्या खोल्यांमधून जात होती. त्यांच्या पाठीला भिंत लागली होती आणि टेबलाची कड छातीला.

"आणि ताप?" मी विचारलं. "या महिन्यात चौघी गेल्या. आता आणखी दहा जणी तापल्यात."

"बाळंतपणात ताप येतो, चौगुलेबाई. हवेने येतो, अशक्तपणाने येतो. आपोआप येतो."

"आपोआप काहीच येत नाही सर."

हे मी शिकताना ऐकलं होतं. परदेशातल्या एका कापडवाल्याने काचेचा मणी घासून पावसाच्या पाण्याचा थेंब पाहिला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. मग पुष्कळ वर्षं लोक म्हणत राहिले की ते पाण्यात आपोआप होतात. शेवटी कुणीतरी एका चंबूची मान हंसासारखी वाकवली आणि त्यात रस्सा उकळून ठेवून दिला. हवा आत जायची, धूळ त्या वाकणात अडकायची. रस्सा नासला नाही. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही परीक्षेत आलं होतं."

"मग मला तुमचा एक हात द्या. तासाभराने."

"कशाला?"

"दाखवायचंय."

त्यांना खुर्चीतून उठायला जागा उरली नव्हती, म्हणून ते बसून राहिले.

मी स्वयंपाकघरातून मुगाचं कढण आणलं आणि जेलीसाठी ठेवलेलं चायना ग्रासचं पाकीट आणलं. दोन्ही उकळून दोन परातींत ओतलं, वर झाकणं घातली आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं. माझ्या खोलीचं छत तोवर इतकं खाली आलं होतं की मी गुडघ्यांवर बसून दाबाचा काटा पाहत होते. नऊ वीस वाजले. पलीकडून पलंग फाटल्याचा आवाज आला, मोठं कापड फाडावं तसा, आणि तो बराच वेळ लांब लांब जात राहिला. एकशेब्याण्णव. मला त्रिशलाची हाक ऐकू येत नव्हती. एवढ्या अंतरावरून येणारही नव्हती. तरी मी कान देत होते.

नऊ चाळीसला कढण थिजलं होतं. मी पराती केबिनमध्ये नेल्या. डॉक्टरांना फक्त उजवा हात हलवता येत होता. तो त्यांनी पहिल्या परातीवर टेकवला आणि उचलला. थिजलेल्या कढणावर कसलाच डाग दिसत नव्हता.

"बघा," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

मी जिन्याखाली जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, स्पिरिटने पुसले आणि दुसऱ्या परातीवर टेकवले. दोन्ही पराती झाकून ऑटोक्लेव्हच्या उबेला ठेवल्या.

दहाला डॉक्टरांच्या परातीत जीवाणूंचे ठिपके आले. दहा वीसला झाकण आपोआप उचललं गेलं असं मला आधी वाटलं. ते आपोआप नव्हतं. आतून एक हात ते ढकलत होता. पिवळट, मळकट गुलाबी आणि मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यांचा तो हात होता. करंगळीशेजारच्या बोटावर अंगठीच्या जागी बारीक खोलगट पट्टी होती. मी परात केबिनमध्ये नेली. हाताने डॉक्टरांच्या खिशातलं पेन काढलं, समोरचा केसपेपर उलटा केला आणि लिहायला लागला.

त्याने सकाळी तपासलेल्या दहा बायकांची नावं लिहिली. ज्या क्रमाने तपासल्या, त्याच क्रमाने. दहावं नाव त्रिशलाचं होतं.

"हे माझं अक्षर आहे," डॉक्टर म्हणाले.

हाताने एक ओळ मोकळी सोडली आणि आणखी एक नाव लिहिलं. मग दुसरं.

"पुरे," डॉक्टर म्हणाले.

हात थांबला नाही. त्या महिन्यात गेलेल्या चौघींची नावं पूर्ण झाल्यावर त्याने खाली सही केली आणि पेनला टोपण लावलं.

दुसरी परात मी त्यांच्यासमोर धरली. तिच्यात काही नव्हतं. तळाशी कंपनीचं नाव कोरलेलं होतं, तेही वाचता येत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही पराती पाहिल्या. मग त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "नळ लांब आहे," ते म्हणाले. "पाणी इथे आणता येईल का?"

मी त्या हाताच्या परातीवर झाकण दाबलं आणि परात ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून दार आवळलं. आतून तीन वेळा टकटक झाली. काटा पंधरावर गेल्यावर ती थांबली.

गंगव्वा मावशींनी बादली आणली. त्यात ब्लिचिंग पावडर कालवली होती, डोळ्यांना झोंबेल इतकी. डॉक्टरांनी डावा हात कसाबसा सोडवला, बाह्या वर केल्या आणि हात बुडवले. साडेदहा झाले होते. पहिलं पाणी पिवळं झालं, दुसरं राखाडी. तिसऱ्याला मावशींनी पायऱ्या घासायचा ब्रश दिला. त्यांनी नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या, मनगटं घासली. अंगठी काढून बादलीत टाकली. कातडी लाल झाली तरी ते थांबले नाहीत. मीही पुन्हा धुऊन स्पिरिटने हात पुसले होते आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं. वॉर्डात पंधराशेछत्तीस पलंग झाले होते. आणखी एकदा झालं असतं तर केबिनमध्ये श्वास घ्यायला जागा उरली नसती. भिंती माझ्या खांद्यांना दोन्हीकडून लागल्या होत्या आणि मावशी पुढची बादली डोक्यावर घेऊन अंग चोरून उभ्या होत्या.

दहा एकोणचाळीस. डॉक्टरांनी हात वर धरले. कोपरांवरून थेंब पडत होते.

दहा चाळीस झाले. कापड फाटल्याचा आवाज आला नाही.

दहा एकेचाळीस झाले.

"झालं न्हाई," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"दुप्पट."

मला रडू आलं, पण हात निर्जंतुक होते म्हणून डोळे पुसले नाहीत.

भिंती खांद्यांवरून सुटल्या. टेबल सरकवून डॉक्टर बाहेर आले आणि आम्ही तिघं वॉर्डात शिरलो. पुढे डॉक्टर, हात वर धरून. मागे मावशी, बादली आणि साबण घेऊन. शेवटी मी, ताज्या ड्रेसिंगचा ड्रम घेऊन. दर एकशेअठ्ठाविसाव्या पलंगावर एक बाई होती. पहिली कवठे गावची होती, तिला ग्लानी होती. डॉक्टरांनी पुन्हा हात धुतले आणि मग तिची नाडी धरली. ती डोळे उघडून म्हणाली, "आत्तापर्यंत कुठं होता?"

"हात धूत होतो," डॉक्टर म्हणाले.

मी ड्रेसिंग बदललं. मावशींनी चादर ओढून घेतली. आम्ही दहा पावलं पुढे गेलो तेव्हा मागून टक् असा आवाज आला. वळून पाहिलं तर दोन पलंग एकमेकांत शिरून एक झाले होते. मग पुढचे दोन. आम्ही चालत होतो आणि वॉर्ड आमच्या मागे मिटत येत होता, टक्, टक्, टक्. मावशी त्या ठेक्यावर पावलं टाकायला लागल्या. दुसऱ्या बाईला घाम फुटला. तिसरीने पाणी मागितलं. पाचवी उठून बसली आणि केस विंचरायला लागली. सहावी म्हणाली की मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्यासारखं वाटतंय. मी तिला पलंग दाखवले.

प्रत्येकीजवळ डॉक्टर नव्याने हात धूत होते. चौथीनंतर त्यांच्या हातांचा लालपणा गेला. सातवीनंतर शिरा दिसेनात. नववीची नाडी त्यांनी धरली तेव्हा तिच्या मनगटावरची बांगडी त्यांच्या बोटांतून आरपार दिसत होती. त्यांनाही ते दिसलं. त्यांनी मावशींकडे पाहून फक्त "आणखी पाणी" म्हटलं.

त्रिशला आमची वाट पाहत बसली होती. मी थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तिच्या मानेवर घाम होता आणि डोळे स्वच्छ होते.

"अक्का, भूक लागलीय मला," ती म्हणाली. "भाताची पेज नको. भाकरी पाहिजे."

"मिळेल."

"आणि ती?" तिने पाळण्याकडे मान वळवली.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते शेवटचं हात धूत होते. बादलीत पाणी हलत होतं, बोटं दिसत नव्हती. त्यांनी हात बाहेर काढले तेव्हा बाह्यांपुढे काहीच नव्हतं. नुसते थेंब होते, दहा बोटांच्या आकारात, आणि तेही वाळत होते. मावशींनी त्रिशलाच्या हातांवर साबण लावून पाणी ओतलं. तिने हात पुसले नाहीत, तसेच पुढे धरले.

डॉक्टर पाळण्यावर वाकले. बाळ पाळण्यातून वर आलं. त्याच्या पाठीखाली काही नव्हतं, मानेखालीही काही नव्हतं, तरी मान नीट सावरलेली होती. बाळाने जांभई दिली.

"घ्या," डॉक्टर म्हणाले.

खिडकीतून ऊन आलं होतं. बाळ त्या उन्हातून, हवेतून, बोटभर बोटभर पुढे सरकत होतं. त्रिशलाचे ओले हात पसरलेले होते. मध्ये वीतभर अंतर उरलं होतं.